निकाल लागल्यानंतर : कमानिया गेट, त्रिपुरी आणि छायाचित्र स्पर्धांचा खरेपणा

जबलपूरच्या जुन्या बाजारात, बडा फुहारा भागात, कमानिया गेट उभे आहे. सराफ्याकडे निघालेली गिऱ्हाइके, हातगाड्या, रिक्षा, दुचाक्या असा सगळा लोंढा या कमानीखालून जातो. १९३९ साली शहराजवळ त्रिपुरीला काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्या अधिवेशनाची आणि त्याचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या विजयाची खूण म्हणून ही कमान ओळखली जाते. शहराच्या वारशावर छायाचित्र स्पर्धा ठेवायची म्हटली, तर भेडाघाटचे संगमरवरी कडे, धुवांधार, मदनमहाल आणि कमानिया गेट ही नावे यादीत येणारच.

आणि अशा स्पर्धेतला सर्वांत जुना प्रश्नही इथेच समोर येतो. एक छायाचित्रकार भल्या पहाटे येऊन, बाजार उघडण्याआधी रिकामी कमान टिपतो. दुसरा भर दुपारी येतो, गर्दीसकट फोटो काढतो, घरी जाऊन संगणकावर माणसे, विजेच्या तारा आणि दुकानांच्या पाट्या पुसून टाकतो. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली तर परीक्षकाला फरक कळेलच याची खात्री नाही. पहिल्याने झोपमोड केली, दुसऱ्याने हातसफाई. बक्षीस दुसऱ्याला मिळाले तर त्यात अन्याय झाला का? आणि झाला असेल, तर तो स्पर्धकाने केला की नियम लिहिणाऱ्याने?

हा प्रश्न विचारायला कमानिया गेटइतकी योग्य जागा शोधून सापडणार नाही. ज्या विजयाची ही कमान आठवण देते, तो विजय भारतीय राजकारणातल्या सर्वांत वादग्रस्त निकालांपैकी एक होता. त्या वेळी दोन्ही बाजूंनी ज्या तक्रारी केल्या, त्याच तक्रारी छायाचित्र स्पर्धांच्या इतिहासात पुन्हा पुन्हा ऐकू येतात.

२९ जानेवारी १९३९ रोजी काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी मतदान झाले. सुभाषबाबूंना १५८० आणि पट्टाभी सीतारामय्यांना १३७७ मते पडली. अध्यक्ष सहसा एकमताने ठरावा, त्याला गांधीजींची संमती असावी, अशी तोवरची रीत होती. सुभाषबाबूंचे म्हणणे असे की निवडणूक कार्यक्रमावर, विचारांवर लढली जावी. पट्टाभींचा पराभव हा त्यांच्यापेक्षा आपलाच पराभव आहे, असे गांधीजींनी निकालानंतर जाहीर केले आणि विजयाचा रंगच बदलला.

वाद मुख्यतः आकड्यांचा नव्हता. मतदानाआधी वल्लभभाई पटेलांसह कार्यकारिणीच्या सात सदस्यांनी पत्रक काढून सुभाषबाबूंना माघार घ्यायला सांगितले होते. त्यावर सुभाषबाबूंनी उत्तर दिले की कार्यकारिणीतल्याच दोन सहकाऱ्यांत लढत असेल, तर बाकीच्या सदस्यांनी संघटितपणे एकाची बाजू घेणे योग्य नाही. ज्यांनी तटस्थ राहायचे तेच पक्षकार झाले, ही त्यांची तक्रार. उलट बाजूचीही तक्रार तितकीच गंभीर होती. ब्रिटिशांच्या संघराज्य योजनेवर काही नेते त्यांच्याशी तडजोड करतील, असा संशय सुभाषबाबूंनी जाहीरपणे बोलून दाखवला होता. पुराव्याशिवाय आमच्या सचोटीवर डाग लावला, असे त्या नेत्यांना वाटले. २२ फेब्रुवारीला वर्ध्याला कार्यकारिणीची बैठक होती. सुभाषबाबू आजारामुळे येऊ शकले नाहीत, आणि बारा सदस्यांनी राजीनामे दिले.

मार्चमध्ये अधिवेशन भरले. ते काँग्रेसचे ५२ वे अधिवेशन, म्हणून ५२ हत्तींची मिरवणूक निघाली. पण अध्यक्ष तापाने फणफणलेले होते, मिरवणुकीत बसण्याच्या स्थितीत नव्हते. रथात त्यांच्या जागी त्यांचे छायाचित्र ठेवले गेले. लोकांनी त्या छायाचित्राला अभिवादन केले, फुले उधळली. माणसाची जागा त्याच्या चित्राने घेतली आणि हजारो लोकांना त्यात काही खोटे वाटले नाही, कारण चित्र का ठेवले आहे हे सर्वांना ठाऊक होते.

आजाराबद्दल मात्र कुजबुज झाली. ताप खरा की राजकीय, अशी शंका विरोधकांच्या गोटात घेतली जात होती. सुभाषबाबूंना अधिवेशनाच्या मंडपात स्ट्रेचरवरून आणले गेले, त्यांचे भाषण त्यांचे बंधू शरदबाबूंनी वाचले. पुढे एप्रिल १९३९ च्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’मध्ये त्यांनी आपल्या या आजारावर स्वतंत्र लेखच लिहिला. निवडून आलेल्या अध्यक्षाला आपल्या तापाची साक्ष काढावी लागावी, यावरून तेव्हा अविश्वास किती खोल गेला होता याची कल्पना येते.

शेवटचा घाव नियमाचा होता. गोविंद वल्लभ पंतांच्या ठरावाने अध्यक्षाला सांगितले की नवी कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी. सदस्यांवर घेतलेल्या संशयाबद्दल त्याच ठरावात खेदही नोंदवला होता. ठराव प्रतिनिधींनी रीतसर मंजूर केला, हे खरे. पण मतदान एका व्यवस्थेत झाले आणि विजेत्याचे अधिकार निकालानंतर आखले गेले, हेही खरे. २९ एप्रिलला सुभाषबाबूंनी राजीनामा दिला आणि राजेंद्रप्रसाद अध्यक्ष झाले.

तटस्थांनी बाजू घेणे, पुराव्याविना आरोप करणे, समोर दिसते ते खरे आहे का ही शंका, आणि निकालानंतर बदललेले नियम. त्रिपुरीच्या या चारही तक्रारी कॅमेऱ्याच्या दुनियेत त्याआधीपासून होत्या आणि नंतरही राहिल्या.

भारतात छायाचित्रणाच्या संस्था फार लवकर उभ्या राहिल्या. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्याशी जोडले गेलेले मराठी विद्वान. नारायण दाजींनी स्वतः कॅमेरा हाती घेतला आणि त्यांचे काम सोसायटीत वाखाणले गेले. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला, आणि त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतले नामांकित व्यावसायिक छायाचित्रकार झाले. युरोपीय अधिकारी आणि देशी डॉक्टर एका टेबलाभोवती बसून एकमेकांच्या प्रती पाहत होते, हे त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

पण टेबल एक असले तरी सर्वांचे वजन सारखे नव्हते, हे कलकत्त्यात लवकरच दिसले. तिथल्या सोसायटीची स्थापना १८५६ ची. थोर संशोधक राजेंद्रलाल मित्र तिचे खजिनदार होते. १८५७ मध्ये त्यांनी एका जाहीर सभेत युरोपीय नीळ-मळेवाल्यांच्या वागणुकीवर कडक टीका केली. त्याचा छायाचित्रणाशी काही संबंध नव्हता, तरीही त्यांना सोसायटीतून काढून टाकण्यात आले. भारतातल्या छायाचित्रण संस्थांच्या इतिहासातला न्याय-अन्यायाचा हा पहिला मोठा प्रसंग म्हणावा लागेल, आणि तो चित्राच्या गुणवत्तेवरून घडला नाही. चित्रे कोणी दाखवायची, ती कोणी पारखायची आणि संस्थेत कोणी राहायचे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे यावरून तो घडला. आजही एखाद्या क्लबमध्ये निकालावरून भांडण पेटते तेव्हा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये दुसरा प्रश्न पेटला. १८५७ च्या मँचेस्टरच्या भव्य कला प्रदर्शनात ऑस्कर रेयलँडर यांनी एक मोठे रूपकात्मक छायाचित्र मांडले. सदाचार आणि विलास असे दोन मार्ग दाखवणाऱ्या त्या चित्रासाठी त्यांनी तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक प्रत तयार केली होती. व्हिक्टोरिया राणीने त्याची प्रत विकत घेतली, तर स्कॉटलंडमध्ये त्यावर गदारोळ झाला. काहींना त्यातली नग्नता खुपली, काहींना जोडकाम. एका क्षणी, एका जागी जे घडलेच नाही, त्याला छायाचित्र म्हणायचे का? पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन यांनी पाच निगेटिव्हमधून एका मरणासन्न मुलीचे चित्र रचले, आणि हा वाद आणखी वाढला.

तंत्राची अडचणही लक्षात घ्यायला हवी. त्या काळच्या काचेवरचे रसायन निळ्या रंगाला फार जास्त प्रतिसाद देई. जमीन नीट उतरवायची तर आकाश कोरे पांढरे येई. म्हणून फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे यांनी समुद्राचे आणि ढगांचे वेगवेगळे निगेटिव्ह घेऊन एक प्रत छापली. आज नवशिका मोबाइलवर आकाश बदलतो, त्याची मुळे १८५० च्या दशकात आहेत. तेव्हा तक्रार केवळ अशी नव्हती की चित्रात हात घातला. तक्रार अशीही होती की हात कुठवर घालायचा हे कोणी सांगितले नव्हते.

बक्षिसांच्या बाबतीतही तेच. १८८७ मध्ये ‘ॲमॅच्युअर फोटोग्राफर’ या इंग्रजी साप्ताहिकाच्या स्पर्धेत तरुण आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांच्या चित्राला पहिले बक्षीस मिळाले. इटलीतल्या एका गावात हसणारी मुले त्यात होती. परीक्षक होते पीटर हेन्री एमर्सन, आणि त्यांना चित्रातला सहजपणा भावला. एमर्सन निसर्गाशी इमान राखणाऱ्या छायाचित्रणाचे कट्टर पुरस्कर्ते होते. म्हणजे निकालात परीक्षकाची आवड उतरली होती, आणि ती आवड त्यांनी उघडपणे मांडलेली होती. स्पर्धकाला आधीच कळत होते की कोणाच्या नजरेपुढे चित्र जाणार आहे.

लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीत मात्र तसे झाले नाही. प्रदर्शनासाठी चित्रे निवडणे आणि ती भिंतीवर लावणे यावरून कुरबुरी वाढत गेल्या. १८९१ मध्ये रॉबिन्सन आणि जॉर्ज डेव्हिसन यांनी सोसायटी सोडली, आणि १८९२ मध्ये ‘लिंक्ड रिंग’ नावाचे नवे मंडळ उभे राहिले. पुढच्या वर्षापासून त्यांनी स्वतःचे वार्षिक प्रदर्शन भरवले. त्यात पदके ठेवलीच नाहीत. बक्षिसातून भांडण होते तर बक्षीसच नको, हा त्यांचा तोडगा होता. तो प्रामाणिक होता, पण फार काळ सगळीकडे टिकणारा नव्हता. चढाओढ माणसाला हवी असते, आणि लहान गावातल्या हौशी छायाचित्रकाराला तर मान मिळवण्याची दुसरी वाट नसते.

भारतात विसाव्या शतकात कॅमेरा क्लबांची जी साखळी तयार झाली, ती याच हौशी माणसांनी उभारली. कारकून, डॉक्टर, रेल्वे कर्मचारी, शिक्षक, फोटो स्टुडिओचे मालक. आंतरराष्ट्रीय महासंघ ‘फियाप’ १९५० मध्ये स्थापन झाला आणि भारतातल्या क्लबांचा महासंघ १९५३ मध्ये. यानंतर सलोनची पद्धत देशभर रुजली. प्रवेश शुल्क भरायचे, ठरावीक विभागांत चित्रे पाठवायची, परीक्षक गुण देतात, ठरावीक गुणांच्या वरचे चित्र स्वीकारले जाते. स्वीकारलेल्या चित्रांची संख्या वाढली की नावापुढे किताब लावता येतो. डार्करूममध्ये रात्र जागवून, हाताने सावल्या उजळवून आणि कडा गडद करून, सोळा बाय वीस इंची प्रत पेटीत भरून परदेशी पाठवणाऱ्या पिढीने या किताबांसाठी खरोखर कष्ट उपसले आहेत.

त्याच पद्धतीत मोहाच्या जागाही आहेत. परीक्षक आणि स्पर्धक एकाच वर्तुळातले असतात. आज जो गुण देतो, तो उद्या दुसऱ्या शहरात प्रवेशिका पाठवतो. चित्रावर नाव नसले तरी गाजलेले चित्र परीक्षकाला ओळखू येतेच. शिवाय सामूहिक शूटिंगचा प्रश्न आहे. एका गावकऱ्याला पागोटे बांधून, धूर सोडून, एकाच खिडकीच्या उजेडात बसवायचे आणि दहा-बारा कॅमेऱ्यांनी तेच चित्र टिपायचे. मग एकाच स्पर्धेत जवळपास सारखी चित्रे निरनिराळ्या नावांनी येतात. कल्पना कोणाची, मांडणी कोणाची, आणि पदक कोणाचे? चित्रातला प्रत्येक भाग स्पर्धकानेच टिपलेला असावा, असे ‘फियाप’चे नियम सांगतात. पण समोरचे दृश्य कोणी रचले हे फाइलमध्ये दिसत नाही.

निसर्ग विभागात नियम सर्वांत कडक झाले, कारण तिथे फसवणुकीची किंमत मुक्या जिवाला मोजावी लागते. ‘फियाप’, अमेरिकेची फोटोग्राफिक सोसायटी आणि ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी या तिघांनी मिळून निसर्ग छायाचित्राची एकच व्याख्या ठरवली. ती २०१५ पासून लागू झाली. चित्रातला कोणताही घटक टाकायचा नाही, हलवायचा नाही, काढायचा नाही. कापाकापी चालेल ती फक्त कडांची. भारतातही घरट्यावरची चित्रे आणि आमिष लावून बोलावलेले शिकारी पक्षी यांवरून पक्षीप्रेमींत तीव्र वाद झाले, आणि अनेक आयोजकांनी घरट्यांची चित्रे स्वीकारणे बंद केले. घरट्याजवळ फांद्या छाटल्या तर पिल्ले उन्हाला आणि कावळ्यांना उघडी पडतात. इथे प्रामाणिकपणा केवळ परीक्षकापुरता उरत नाही.

नियम लिहिले तरी ते पाळले गेले की नाही हे तपासावे लागतेच. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ चे सर्वोच्च पारितोषिक स्पेनच्या होसे लुईस रोड्रिगेस यांना मिळाले. फाटकावरून झेप घेणारा लांडगा असे ते चित्र. दहा हजार पौंडांचे बक्षीस. पण माद्रिदजवळच्या एका प्राणी उद्यानातला माणसाळलेला लांडगा त्यात असावा, अशी शंका इतर छायाचित्रकारांनी घेतली. तज्ज्ञांनी तुलना केली आणि जानेवारी २०१० मध्ये पारितोषिक रद्द झाले. त्याच स्पर्धेतले २०१७ चे एक विजेते चित्र ब्राझीलच्या मार्सिओ काब्राल यांचे होते. अंधारात चमकणाऱ्या वारुळाकडे येणारा मुंगीखाऊ त्यात दिसतो. एका राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वारी ठेवलेल्या पेंढा भरलेल्या मुंगीखाऊशी त्याचे केस, ठिपके आणि ठेवण जुळते, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी काढला आणि २०१८ मध्ये तेही बाद झाले. दोघांनी आरोप नाकारले. म्युझियमने मात्र तपास कसा केला आणि कोणत्या आधारावर निर्णय घेतला, हे लोकांसमोर ठेवले. पुराव्याविना ठपका नाही आणि पुरावा मिळाल्यावर गप्प बसणे नाही, ही शिस्त त्यामागे होती.

बातमीच्या छायाचित्रांत तर जागेचे नावही सत्याचा भाग असते. २०१५ च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत जोव्हान्नी त्रोइलो यांच्या मालिकेला बक्षीस मिळाले होते. ती बेल्जियमच्या शार्लरवा या शहरावर होती. त्यातले एक चित्र त्या शहरात काढलेलेच नाही, ते ब्रसेल्समधले आहे, हे उघड झाले आणि बक्षीस काढून घेतले गेले. त्याच वर्षी शेवटच्या आधीच्या फेरीत पोहोचलेल्या चित्रांपैकी सुमारे २० टक्के चित्रे फेरफारामुळे बाद झाली होती. मूळ फाइल मागवून ताडून पाहिल्यावरच हे कळले.

मुंबईशी जोडलेला एक प्रसंग विशेष चटका लावतो. अमेरिकी छायाचित्रकार मेरी एलन मार्क यांनी १९७८ मध्ये मुंबईच्या फॉकलंड रोडवर काही महिने राहून तिथल्या स्त्रियांची आणि तृतीयपंथीयांची चित्रे घेतली. सुरुवातीला त्यांच्या अंगावर कचरा आणि पाणी फेकले गेले. हळूहळू विश्वास जुळला आणि मग चित्रे मिळाली. २०१७ मध्ये एका वाचक स्त्रीच्या लक्षात आले की सौविद दत्ता या पुरस्कारप्राप्त तरुण छायाचित्रकाराने कलकत्त्याच्या सोनागाछीतले म्हणून दिलेल्या एका चित्रात मार्क यांच्या चित्रातली एक व्यक्ती जशीच्या तशी उचलून बसवली आहे. दत्ता यांनी ‘टाइम’ला दिलेल्या मुलाखतीत ते कबूल केले. मुंबईतल्या एका अंगणात, एका ओळखीतून उमटलेला चेहरा चार दशकांनी दुसऱ्या शहरात, दुसऱ्याच्या नावावर उभा राहिला. यात मार्क यांचे श्रम चोरीला गेले, आणि त्या व्यक्तीचे स्वतःचे आयुष्यही.

लहान स्पर्धांत रक्कम लहान असते, पण दुखणे तितकेच असते. जानेवारी २०१६ मध्ये सिंगापूरमध्ये निकॉन कंपनीच्या स्थानिक शाखेने एका चित्राला बक्षीस दिले. शिडीच्या चौकटीत नेमके बसलेले विमान त्यात होते. विमान नंतर चिकटवलेले आहे हे सामान्य लोकांनी काही तासांत दाखवून दिले. स्पर्धकाने माफी मागितली, कंपनीनेही आपली चूक मान्य केली. परीक्षकांनी जे पाहिले नाही ते गर्दीने पाहिले, आणि तेव्हापासून आयोजकांना प्रेक्षकांची नजर हिशेबात धरावी लागते.

हीच गर्दी मतदानाला बसवली की वेगळी अडचण येते. गावोगावच्या गणपती मंडळांच्या, महाविद्यालयांच्या, शहर-वारशाच्या स्पर्धांत ‘सर्वाधिक पसंती’चे बक्षीस ठेवले जाते. मग चित्र चांगले असण्यापेक्षा ओळखी दांडग्या असणे कामी येते. पसंत्या विकतही मिळतात. स्पर्धेत भाग घेणाऱ्या मुलाला पहिल्याच वर्षी हे कळते, आणि पुष्कळदा तो कॅमेरा बाजूला ठेवतो. या माध्यमावर प्रेम करणाऱ्या कोणालाही याचे वाईट वाटायला हवे.

याउलट ऐतिहासिक वास्तूंच्या छायाचित्रांची ‘विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स’ ही स्पर्धा बघावी. २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये ती सुरू झाली, आणि २०१२ मध्ये भारत तिच्यात उतरला. त्याच वर्षी दिल्लीच्या सफदरजंगच्या मकबऱ्याच्या चित्राला जागतिक पहिला क्रमांक मिळाला. २०१७ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या खंडोबाच्या मंदिरातल्या चित्राने तो पटकावला. तिथे चित्र आधी सर्वांसाठी खुले होते आणि मग परीक्षकांपुढे जाते. कोणत्या वास्तूचे, कोणी आणि केव्हा घेतलेले, ही माहिती चित्रासोबत असते. शंका घ्यायची तर कोणालाही घेता येते.

न्यायाची आणखी एक बाजू निकालाच्याही आधी येते, आणि स्पर्धक ती सहसा वाचत नाहीत. अनेक स्पर्धांच्या अटींत, आलेल्या सर्व चित्रांचे सर्व हक्क आयोजकाकडे राहतील, असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. पाच हजारांच्या बक्षिसासाठी शेकडो चित्रे फुकट मिळतात आणि पुढे दिनदर्शिकेत, जाहिरातीत वापरली जातात. भारतीय कायदा इथे छायाचित्रकाराच्या बाजूने बरेच बोलतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांपुरते धरले जाते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रावरचा हक्क काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे टिकतो. आणि वास्तूचे छायाचित्र काढून ते प्रसिद्ध करण्याला हाच कायदा मोकळीक देतो, त्यामुळे कमानिया गेटचा फोटो काढायला कोणाच्या परवानगीची गरज पडू नये.

गेल्या काही वर्षांत तर प्रश्न चित्राच्या मुळापर्यंत गेला. २०२३ मध्ये जर्मनीच्या बोरिस एल्डाग्सेन यांनी सोनी वर्ल्ड फोटोग्राफी पुरस्कारांत एक चित्र पाठवले, ते निवडले गेले, आणि लंडनच्या समारंभात त्यांनी ते कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवल्याचे सांगून पारितोषिक नाकारले. पुढच्या वर्षी माइल्स ॲस्ट्रे यांनी उलटा प्रयोग केला. डोके दिसत नसलेल्या रोहित पक्ष्याचे खरेखुरे छायाचित्र त्यांनी दुसऱ्या एका स्पर्धेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता विभागात पाठवले. परीक्षकांनी त्याला तिसरा क्रमांक दिला, लोकांनीही पसंती दिली, आणि खरे काय ते कळल्यावर ते बाद झाले. चित्र ज्या विभागात होते, त्या विभागाच्या अटीत ते बसत नव्हते.

काही वाद तपासूनही मिटत नाहीत. व्हिएतनाममध्ये ८ जून १९७२ रोजी नापामने भाजलेली, रस्त्यावरून धावणारी मुलगी टिपलेले छायाचित्र साऱ्या जगाला ठाऊक आहे. १९७३ मध्ये त्याला वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च मान मिळाला, निक उट यांच्या नावाने. २०२५ च्या आरंभी आलेल्या एका माहितीपटाने ते दुसऱ्या, स्थानिक छायाचित्रकाराचे असल्याचा दावा केला. असोसिएटेड प्रेसने सविस्तर तपास करून, नाव बदलण्याइतका ठोस पुरावा नाही, म्हणून श्रेय उट यांच्याकडेच ठेवले. उट यांनीही दावा फेटाळला. वर्ल्ड प्रेस फोटोने मे २०२५ मध्ये चित्राचा पुरस्कार कायम ठेवला आणि श्रेयाची नोंद स्थगित केली. दोन संस्थांनी त्याच चित्राबद्दल दोन निर्णय दिले, आणि दोघींनी कारणे लेखी दिली.

शहरातल्या एखाद्या क्लबला प्रयोगशाळा किंवा तज्ज्ञांची समिती परवडत नाही. पण या सगळ्या वादांतून जे हाती आले ते त्याला फुकट वापरता येते. प्रवेशिका मागवण्याआधी लिहावे की तारा आणि पाट्या पुसलेल्या चालतील की नाही, आकाश बदललेले चालेल की नाही. परीक्षकांची नावे आधी जाहीर करावीत. ज्याचा विद्यार्थी किंवा नातेवाईक स्पर्धेत असेल त्याने त्या विभागापुरते उठून जावे. अंतिम फेरीतल्या प्रत्येकाकडून मूळ फाइल मागावी, फक्त ज्याच्यावर संशय आहे त्याच्याकडून नव्हे. निकाल आणि बक्षीस समारंभ यांच्यात काही दिवस ठेवावेत, तेवढ्यात सर्व निवडलेली चित्रे लोकांना पाहू द्यावीत, तक्रार सहीनिशी आणि पुराव्यासह घ्यावी. आणि चित्र बाद करायचे ठरले, तर ज्याचे चित्र आहे त्याला आधी बोलावून विचारावे, मग कारण लिहून द्यावे.